रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

रोजगार हमी योजना (संक्षेपाने रोहयो) ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तींना मागणीनुसार अकुशल शारीरिक काम पुरविण्याची महाराष्ट्र शासनाची योजना होय. १९७२ मध्ये ती राज्यभर स्वीकारण्यात आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम अमलात आला. काम मागणे हा नागरिकाचा हक्क आणि ते देणे हे शासनाचे कर्तव्य, असे कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य ठरले. ‘मागेल त्याला काम’ या घोषवाक्याने ही योजना ओळखली जाते. केंद्र शासनाच्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला याच योजनेचा आधार मिळाला.

दारिद्र्य कमी करण्यासाठी जगभरातील शासनांनी योजलेल्या कार्यक्रमांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात गरजूंना रोख रक्कम किंवा धान्य दिले जाते. दुसऱ्यात जमीन, जनावरे, कर्ज यांसारखी उत्पन्नाची साधने दिली जातात. तिसऱ्यात काम देऊन मजुरी दिली जाते. रोजगार हमी योजना तिसऱ्या प्रकारात मोडते. मात्र इतर रोजगार कार्यक्रमांत शासन आपल्या सोयीने आणि उपलब्ध निधीनुसार कामे काढते, तर या योजनेत काम केव्हा सुरू व्हावे हे मजुराच्या मागणीवर ठरते.

पार्श्वभूमी

दुष्काळात लोकांना सार्वजनिक कामांवर लावून जगविण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. त्या काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य व किरकोळ रोकड इतके खाली आणले. त्याविरुद्ध असंतोष उसळला आणि पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी परिस्थितीची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांनुसार दुष्काळ जाहीर झाल्यावरच कामे निघत आणि पाऊस पडला की ती बंद होत. काम मिळणे हा लोकांचा हक्क नव्हता. आपत्तीच्या काळात सरकारने केलेली ती तात्पुरती व्यवस्था होती.

स्वातंत्र्यानंतर भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख झाला. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने त्याच्या आधारे कोणालाही न्यायालयात काम मागता येत नव्हते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात, ग्रामीण भागात सार्वजनिक बांधकामांद्वारे मोठ्या प्रमाणावर रोजगार निर्माण करणे हा दारिद्र्य हटविण्याचा प्रमुख मार्ग असल्याचे प्रतिपादन केले. ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा देशभर गाजत असण्याचा तो काळ होता.

वि. स. पागे यांची कल्पना

योजनेचे जनक म्हणून विठ्ठल सखाराम पागे यांचे नाव घेतले जाते. सांगली जिल्ह्यातील हे स्वातंत्र्यसैनिक व सर्वोदयी विचारांचे कार्यकर्ते १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. कोरडवाहू शेतीवर राबणाऱ्या मजुराला वर्षातील काही महिनेच काम मिळते आणि उरलेल्या काळात तो कर्ज, उपासमार किंवा स्थलांतर यांच्या आधीन होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने या कल्पनेचा प्रयोग झाला. काम मागणाऱ्याला काम द्यावे, ते काम जमीन व पाणी यांची उत्पादकता वाढविणारे असावे आणि अशा रीतीने आजची मजुरी उद्याच्या शेतीला उपयोगी पडावी, असा त्यामागील विचार होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी या कल्पनेला पाठबळ दिले.

१९७२ चा दुष्काळ

योजना राज्यभर लागू होते न होते तोच महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. अगोदरची दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होता आणि १९७२ मध्ये पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्याच्या मोठ्या भागात पिके हातची गेली. योजना बाजूला ठेवून शासनाने सर्वत्र दुष्काळी कामे उघडली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध अशी ही कामे होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा आयात केलेला लाल मिलो या गोष्टी त्या पिढीच्या स्मरणात कायमच्या राहिल्या.

एवढ्या मोठ्या पीकबुडीनंतरही १८७७ सारखा मृत्यूचा तांडव झाला नाही, याचे श्रेय अनेक अभ्यासक या कामांना देतात. काम मिळाल्याने लोकांच्या हाती पैसा राहिला आणि पैसा असल्याने बाजारात येणारे धान्य त्यांना विकत घेता आले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दुष्काळ निवारणाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे हे उदाहरण विस्ताराने मांडले आहे. लाखो मजुरांची हजेरी, मोजमाप आणि पगारवाटप करण्याचा अनुभव याच काळात शासनयंत्रणेला मिळाला. दुष्काळ ओसरल्यावर, १९७४ पासून योजना पुन्हा नियमितपणे सुरू झाली.

कायदा आणि त्यातील तरतुदी

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० म्हणून प्रसिद्ध झाला. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या:

• ग्रामीण भागात व ‘क’ वर्ग नगरपरिषदांच्या क्षेत्रात राहणाऱ्या आणि अकुशल शारीरिक काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क.
• मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम देण्याचे शासनावर बंधन.
• या मुदतीत काम न दिल्यास बेकारी भत्ता. सुरुवातीला हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया इतका अल्प होता.
• स्त्री व पुरुष यांना समान कामासाठी समान दराने मजुरी.
• कंत्राटदारांमार्फत काम करून घेण्यास मनाई.
• एकूण खर्चापैकी किमान ६० टक्के खर्च अकुशल मजुरीवर.

दिवसांची कमाल मर्यादा या कायद्यात नव्हती आणि हक्क कुटुंबाला नसून व्यक्तीला होता. घरातील स्त्रीला पतीच्या नावावर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे काम मागता येत असे. योजनेच्या कामांवर स्त्रियांची उपस्थिती नेहमीच लक्षणीय राहिली, त्याचे हे एक कारण होय. काम घराजवळ मिळणे व मजुरी थेट हाती पडणे ही त्याची इतर कारणे होत.

निधी

हक्क देणारा कायदा निधीच्या अभावी कागदावरच राहू नये, यासाठी पैशाची स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील आदींकडून वसूल होणारा हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठी होता. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमिनीवरील आकारणी इत्यादींवरील अधिभार होते. या करांतून येणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य शासनाने आपल्या वतीने रोजगार हमी निधीत घालावी, असे ठरविण्यात आले. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील पगारदार वर्गाने ग्रामीण मजुराच्या कामासाठी कर द्यावा, अशी ही रचना होती. पगारपत्रकात दरमहा होणारी ‘व्यवसाय कर’ ही वजावट मूलतः या योजनेसाठी सुरू झाली.

कामाची पद्धत

काम मागणाऱ्याने गावपातळीवर नाव नोंदवून कामाची मागणी करावयाची असे. नवे काम सुरू करण्यासाठी साधारणतः किमान ५० मजूर असणे आवश्यक होते. मागणी आल्यावर आराखडे करीत बसण्यात वेळ जाऊ नये म्हणून तालुक्यातील कामे अगोदरच सर्वेक्षण करून मंजूर ठेवली जात. सरकारी भाषेत त्यांना ‘शेल्फवरील कामे’ म्हणतात. योजनेचे नियंत्रण महसूल यंत्रणेकडे, म्हणजे जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे असे. प्रत्यक्ष कामे पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन आदी विभाग करीत.

मजुरी रोजंदारीने न ठरता कामाच्या मोजमापानुसार ठरत असे. मजुरांची टोळी आठवडाभर जे काम करी त्याचे मोजमाप होऊन ते दरसूचीनुसार रुपयांत मांडले जाई आणि हजेरीपटावरील दिवसांप्रमाणे ती रक्कम टोळीत वाटली जाई. ही पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १० जणांच्या टोळीने ६ दिवसांत ६० घनमीटर माती खोदली आणि दर घनमीटरला १०० रुपये आहे. एकूण मजुरी ६,००० रुपये झाली. हजेरीचे ६० दिवस भरल्याने प्रत्येकाला दिवसाला १०० रुपये मिळतील. तेवढेच श्रम करूनही जमीन कठीण मुरुमाची निघाल्याने खोदाई ४० घनमीटरच झाली आणि नोंद मात्र मऊ मातीची झाली, तर मजुरी दिवसाला सुमारे ६७ रुपयांवर येईल. ‘माती कोणती लिहिली’ आणि ‘फीत कोणी धरली’ हे प्रश्न म्हणूनच मजुरांच्या दृष्टीने कळीचे असत. मजुरांच्या अनेक आंदोलनांत कमी मजुरी, उशिरा होणारे पगारवाटप आणि चुकीचे मोजमाप याच तक्रारी पुढे आल्या.

कामांचे स्वरूप

जलसंधारण व मृदसंधारण यांना योजनेत अग्रक्रम होता. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर, बांधबंदिस्ती, लघुसिंचन, वनीकरण आणि जोडरस्ते ही कामे राज्यभर झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जवाहर विहिरींद्वारे लहान शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवरील कामे योजनेत आली. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली. खड्डे काढणे, रोपे लावणे व ती जगविणे यांवरील मजुरी योजनेतून मिळू लागली. आंबा, काजू, डाळिंब, चिकू, बोर इत्यादी फळझाडांचे राज्यातील क्षेत्र वाढण्यात या योजनेचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेतील कार्यक्रमांशी तुलना

महामंदीच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ पासून ‘न्यू डील’ या नावाने अनेक कार्यक्रम राबविले. तरुणांना वनीकरण व मृदसंधारणाच्या कामांवर लावणारे नागरी संवर्धन दल १९३३ ते १९४२ या काळात चालले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक कामांच्या प्रशासनाने १९४३ पर्यंत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. रस्ते, पूल, शाळा आणि उद्याने बांधणाऱ्या या कामांचे महाराष्ट्रातील योजनेशी साम्य आहे. परंतु ती मंदीवरील उपाययोजना होती आणि युद्धकाळात बेकारी ओसरताच ती गुंडाळण्यात आली.

८ जानेवारी १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘दारिद्र्याविरुद्ध युद्ध’ पुकारले. त्याच वर्षी आर्थिक संधी कायदा व अन्नकुपनांचा कायदा संमत झाले. १९६५ मध्ये गरीब बालकांच्या पूर्वशालेय शिक्षणाचा ‘हेड स्टार्ट’ हा कार्यक्रम तसेच वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ व गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या आरोग्य योजना सुरू झाल्या. या कार्यक्रमांचा भर शिक्षण, प्रशिक्षण, आरोग्य आणि अन्न यांवर होता. काम मिळण्याची हमी त्यांत नव्हती. पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये पूर्ण रोजगाराचे विधेयक आले. त्याच्या मूळ मसुद्यात कामाचा हक्क होता. तो पुढील चर्चेत गळाला आणि १९७८ मध्ये संमत झालेल्या हंफ्री–हॉकिन्स कायद्यात पूर्ण रोजगार हे केवळ राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून उरले. अमेरिकेसारख्या संपन्न देशाने जी हमी देण्याचे टाळले, ती साधारण त्याच सुमारास महाराष्ट्राने आपल्या ग्रामीण नागरिकांना दिली. मात्र ही हमी केवळ अकुशल श्रमाची होती. शिक्षण, प्रशिक्षण आणि आरोग्य ही अमेरिकी कार्यक्रमांची अंगे तिच्यात नव्हती, हेही तुलना करताना लक्षात घ्यावे लागते.

मुळशी तालुक्याचे उदाहरण

रोजगार हमी म्हणजे दुष्काळी भागाची योजना, असा सर्वसाधारण समज आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्याचे उदाहरण त्याला छेद देते. सह्याद्रीच्या कुशीतील या तालुक्यात, विशेषतः ताम्हिणी घाटाच्या परिसरात, अतिवृष्टी होते. पाणी मात्र उतारावरून वाहून जाते. भात हे येथील मुख्य पीक असून कापणी झाली की डोंगराळ भागातील बहुतेक खाचरे पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळी राहतात. त्यामुळे पाऊस भरपूर असूनही शेतमजुराचे काम काही महिन्यांपुरतेच असते. अशा भागात भातखाचरांच्या बांधांची दुरुस्ती, समतल चर, बंधारे, वृक्षलागवड आणि वाड्यावस्त्यांना जोडणारे रस्ते ही हमीच्या कामांची स्वाभाविक क्षेत्रे ठरतात.

तालुक्याच्या दारिद्र्याला विस्थापनाचीही बाजू आहे. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी धरण बांधले जात असताना तेथील मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. १९२४ च्या सुमारास सत्याग्रह संपला आणि धरण पूर्ण झाले. शेतीयोग्य खोऱ्याची जमीन बुडाल्यावर उरलेल्या लोकांना डोंगरउतारावर गुजराण करावी लागली.

तालुक्यातील कातकरी समाजाची स्थिती हमीच्या मर्यादा दाखविते. शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या या समाजातील अनेक कुटुंबे भूमिहीन आहेत. पावसाळा संपल्यावर मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जाण्याची चाल या समाजात दीर्घकाळ आहे. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यानंतर, मोजमाप होऊन मिळते. उचल मात्र कामाआधी, गरजेच्या दिवशी हातात पडते. ज्या घरात आजच्या जेवणाचा प्रश्न असतो, तेथे उशिरा मिळणारी मजुरी दराने जास्त असली तरी उचलीपुढे टिकत नाही. छोट्या वाडीवर ५० मजूर एकत्र करणे अवघड असते, हीदेखील डोंगराळ भागातील अडचण होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात डोंगराळ भागातील कामांसाठी ही अट शिथिल करण्याची सोय झाली.

याच तालुक्यात हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. तेथील नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. कर देणारा आणि काम मागणारा हे योजनेचे दोन्ही घटक अशा रीतीने एकाच तालुक्यात, काही कोसांच्या अंतरावर आढळतात.

टीका व मर्यादा

योजनेवर अनेक अंगांनी टीका झाली. हजेरीपटावर खोटी नावे दाखवून पैसे उचलण्याचे प्रकार उघडकीस आले. अपूर्ण राहिलेली कामे व पहिल्याच पावसात वाहून गेलेले बांध हा टीकेचा दुसरा विषय होता. पाझर तलाव व रस्ते यांचा अधिक लाभ जमीनदार शेतकऱ्यांना होतो आणि भूमिहीनाला फक्त तात्पुरती मजुरी मिळते, असा आक्षेप रोनाल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये मांडला.

१९८८ मध्ये शेतीच्या किमान वेतनात मोठी वाढ झाली आणि योजनेच्या मजुरीचे दरही वाढले. त्यानंतर पुरविलेला रोजगार घटला. हमी असूनही काम शिधावाटपाप्रमाणे तोलून मापून दिले जाते काय, असा प्रश्न मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ च्या अभ्यासात उपस्थित केला. पुढील काळात कराचे उत्पन्न वाढत गेले, योजनेवरील खर्च मात्र त्या मानाने मागे पडला. काम मागणाऱ्याला लेखी पोच न देणे हा हमी टाळण्याचा सोपा मार्ग ठरतो. पोच नसेल तर १५ दिवसांची मुदत कधीपासून मोजावी हेच सिद्ध करता येत नाही आणि बेकारी भत्त्याचा दावा उभा राहत नाही. मजूर संघटनांनी कामाच्या मागणीइतकाच पोचपावतीचा आग्रह धरला, तो यामुळेच.

दुसरीकडे, मालमत्ता देणाऱ्या योजनांच्या तुलनेत मजुरीच्या कामाची बाजू घेणारे अभ्यासकही होते. कर्ज व अनुदान देऊन गरिबांना उत्पन्नाची साधने पुरविणाऱ्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची चिकित्सा करताना नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्ये मजुरीच्या रोजगाराचा पर्याय अधिक भरवशाचा असल्याचे मत मांडले. कष्टाचे काम ज्याला दुसरा मार्ग आहे तो सहसा मागत नाही. त्यामुळे गरीब कोण हे दाखले तपासून ठरविण्याची गरज या योजनेत फारशी पडत नाही, हा तिचा गुण मानला जातो.

राष्ट्रीय कायदा

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. २ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली आणि अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलला. बेकारी भत्ता मजुरीच्या किमान एक चतुर्थांश करण्यात आला व पहिल्या ३० दिवसांनंतर तो निम्म्यापर्यंत वाढविण्याची तरतूद झाली. ग्रामपंचायतींकडे कामांची निवड व अंमलबजावणी यांचा मोठा वाटा आला आणि सामाजिक लेखापरीक्षण बंधनकारक झाले. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दोन्ही व्यवस्थांची सांगड घातली. पहिले १०० दिवस केंद्रीय निधीतून आणि त्यापुढील काम राज्याच्या निधीतून, असे सूत्र ठरले. महसूल यंत्रणेभोवती उभ्या असलेल्या जुन्या पद्धतीकडून ग्रामपंचायतीकडे होणारे हे संक्रमण राज्यात संथपणे झाले.

महत्त्व

रोजगार हमी योजनेने महाराष्ट्रातील दारिद्र्य संपविले नाही. दुष्काळाच्या वर्षी घरातील भांडी व जनावरे विकावी लागू नयेत, शेतमजुराला मजुरीच्या वाटाघाटीत थोडे बळ मिळावे आणि स्त्रियांच्या हाती स्वतःची कमाई यावी, या बाबतींत तिचा परिणाम अभ्यासकांनी नोंदविला आहे. टंचाई जाहीर होण्याची वाट न पाहता नागरिकाने मागणी करावी आणि ठरलेल्या मुदतीत शासनाने उत्तर द्यावे, हा बदल तिच्यामुळे प्रथमच कायद्यात आला. विसापूरच्या शिवारातून सुरू झालेला हा प्रयोग पुढे राष्ट्रीय कायद्याचा पाया ठरला. मात्र हमीचे मोल अखेर कामाच्या अर्जावर मिळणाऱ्या पोचेत आणि आठवड्याच्या आठवड्याला हाती पडणाऱ्या मजुरीत मोजले जाते, हे तिच्या इतिहासातून वारंवार दिसून आले आहे.